फरशीखालचं अंतराळ

वसमत रोडला, टायरच्या दुकानावर, अरुंद जिना चढून
मुस्तकीमचं कॅफे. सहा मशीन, चार चालू,
एका इन्व्हर्टरवर सगळी आकाशगंगा.
मे महिन्यात परभणीची भिंत रात्री अकरालाही
हात लावू देत नाही,
आणि आम्ही बसलेलो असतो उणे दोनशे सत्तरात.

मुस्तकीम मेरिडियनवाला.
अकरा वर्षं झाली, मेरिडियन अजून बनायलंय.
पहिल्याच वर्षी त्यानं त्यातलं एक जहाज घेतलं,
साडेचार हजाराला, आगाऊ,
बारावीच्या क्लासची फी मोडून,
रियाधच्या मामेभावाच्या कार्डावरून.
जहाजाचं चित्र आहे. जहाज नाही.
"यायलंय," म्हणतो. "शेपटीचं काम चालूय.
घाईत दम दिलेली बिर्याणी खाल्लीस का कधी?"

माणिक रेंगे पेरिजीवाला.
पेरिजी आलं. सांगितल्या तारखेला आलं.
लग्नाच्या मांडवासारखं आलं,
समोरून झालर, मागून बांबू.
दहा हजार ग्रह, आणि प्रत्येकावर तोच एक दगड,
उजवीकडं कललेला.
"दगड तर हाय," माणिक म्हणतो,
"तुझ्याकडं दगडाचं नुस्तं आश्वासन."

कुणाचा मालक पैसे घेऊन नवी कंपनी काढून बसला,
कुणी एका शुक्रवारी अर्धी माणसं घरी बसवली,
कुणाच्या चंद्राची सावली उन्हाकडंच पडते,
सगळं दोघांना पाठ.
सोयऱ्यांच्या घरातली भांडणं
सोयऱ्यांनाच जास्त माहीत असतात, तसं.
मध्येच मी म्हणतो, जगात जर्मनी, भारतात परभणी,
तर दोघंही माझ्याकडं बघतात
जणू मी चालत्या मशीनची वायर ओढली.

मी कुणाचाच नाही. मी यूपीएस दुरुस्त करतो,
मजुरी म्हणून रात्रीचा एक तास फुकट.
आणि मला आवडायचं ते भलतंच.

पेरिजीच्या सातव्या स्थानकावर, मालधक्क्याच्या कोपऱ्यात
एक फरशी होती.
तिच्यावर पाय ठेवला की माणूस आरपार खाली.
मरायचा नाही. आदळायचा नाही.
पडत राहायचा.
वरचं स्थानक बटणाएवढं,
मग ज्वारीच्या दाण्याएवढं,
मग शोधावं लागायचं.

एकदा मी ती दाखवली.
मुस्तकीम टाळ्या पिटून हसला, "बघ तुझं पेरिजी!"
माणिक खाली बघायला लागला,
पाहुणे बसलेत आणि छत गळायलंय अशा तोंडानं.
मग काय झालं कुणास ठाऊक,
तिघांनी तीन मशीन धरली
आणि एकापाठोपाठ एक पाय ठेवला.

त्या रात्री भांडण नाही झालं.
बराच वेळ पडल्यावर मुस्तकीम म्हणाला,
टायरवाला वरचा मजला मागायलाय.
अब्बानं हो म्हटलंय.
जुलैत मी चाकणला.
माणिक काही बोलला नाही.
त्याचा अंतराळवीर आमच्याकडं तोंड करून पडत होता,
पण त्या पोकळीत
तोंड कुणाचंही कुठंही असायचं.
लाइट गेली. इन्व्हर्टर दोनदा ओरडला.
आम्ही पडतच होतो.

जूनमध्ये पेरिजीची मोठी दुरुस्ती आली.
एक्केचाळीस जीबी, तीन रात्री उतरत होती.
ग्रहांवर आता चार तऱ्हेचे दगड.
सावल्या सरळ झाल्या.
मुस्तकीमनंसुद्धा मान हलवली, "बरं केलंय रे."
माणिकनं स्वतःच्या पैशानं सगळ्यांना पोहे सांगितले.

पोहे येईपर्यंत
मी सातव्या स्थानकावर जाऊन आलो.
मालधक्का, कोपरा, तीच फरशी.
पाय ठेवला.
टणक.
बाजूच्या तिन्ही बघितल्या.
परत पहिलीवर आलो, दाबून बघितलं,
मग जरा जोरात.

खालून टायरवाला ओरडला,
"वर कोण नाचायलंय बे?"